घरच्या कॉम्प्युटरसाठी अँटीव्हायरस विकत घ्यावा काय?

व्यापारी आणि कारागीर बांधवांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. घरी कॉम्प्युटर आहे, त्यावर मुलांचा अभ्यासही चालतो आणि धंद्याचा हिशेबही. कॉम्प्युटर विकणारा दुकानदार सांगतो, अँटीव्हायरस घेतल्याशिवाय इंटरनेट लावू नका. दुरुस्तीला येणारा मुलगा सांगतो, काही गरज नाही, उगाच मशीन हळू चालते. दोघेही ठामपणे बोलतात आणि ऐकणारा गोंधळून जातो. शेवटी कोणी भीतीपोटी दरवर्षी पैसे भरत राहतो, तर कोणी कंटाळून काहीच करीत नाही. या दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत. सूत घेताना आपण काउंट पाहतो, भाव पाहतो, मग सौदा करतो. याही प्रश्नाचा निकाल तसाच हिशेबाने लावला पाहिजे.

आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्या घरात असली विंडोज आहे, तिची मुदत संपलेली नाही आणि ती वेळेवर अपडेट होते, त्या घराला वेगळा अँटीव्हायरस विकत घेण्याची सर्वसाधारणपणे गरज नाही. विंडोजबरोबर जो पहारेकरी फुकट येतो, तो पुरेसा आहे. जे पैसे वाचतील ते हिशेबाची दुसरी प्रत ठेवण्यावर खर्च करावेत. आणि ज्या घरात नकली विंडोज व नकली सॉफ्टवेअर चालते, त्या घराची खात्री बाजारातील सर्वात महाग अँटीव्हायरसही देऊ शकत नाही. हे आम्ही का म्हणतो, ते पुढे क्रमाने मांडतो.

घरचा कॉम्प्युटर म्हणजे आपली वही

प्रथम हे पाहिले पाहिजे की आपल्या लोकांच्या घरातील कॉम्प्युटर हा निव्वळ घरचा नसतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे खाली माग आणि वर घर अशी रीत जुनी आहे. धारावीत किंवा बेहरामपाड्यात तर एकाच खोलीत घर आणि कारखाना असतो. तेव्हा ज्या कॉम्प्युटरवर मुलगा गेम खेळतो, त्याच कॉम्प्युटरवर टॅली असते, जीएसटीचा पासवर्ड असतो, ई-वे बिले असतात. एम्ब्रॉयडरीची आणि मागाची डिझाइने असतात. कामगारांच्या आधार कार्डांच्या प्रती असतात. उमराहसाठी स्कॅन केलेले घरच्यांचे पासपोर्ट असतात, लेकीसुनांचे फोटो असतात.

काही बांधव म्हणतात, ‘आमच्या घरात चोरण्यासारखे आहे काय? आम्ही काय बँक आहोत?’ हा विचार चुकीचा आहे. आजचा चोर बहुतेक वेळा माल उचलून नेत नाही. तो आपल्याच घरात, आपल्याच मालाला त्याचे कुलूप लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो. याला रॅन्समवेअर म्हणतात. सकाळी कॉम्प्युटर सुरू करावा तर टॅलीची फाइल उघडत नाही, फोटो उघडत नाहीत, आणि पडद्यावर पैशाची मागणी लिहिलेली असते. चोराला आपल्या टॅलीची किंमत शून्य आहे. पण आपल्याला ती किती आहे, हे त्याला चांगले ठाऊक असते.

आणि ती किंमत खरोखरच मोठी आहे. कोणाकडून किती येणे आहे, कोणाचे किती देणे आहे, जॉबवर्कला कोणाकडे किती ताके गेले आहेत, हे सगळे त्यात असते. उधारीच्या धंद्यात वही गेली तर उधारीही गेली असे समजावे. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणाच्या मुदतीच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवणे बंधनकारक आहे. व्हायरसने फाइल खाल्ली हे कारण तेथे किती चालेल, याचा विचार ज्याने त्याने करावा. रमजानमध्ये जकातीचा हिशेब काढायचा तोही याच वहीवरून. कुरआन शरीफातील सर्वात लांब आयत, सूरह बकराची २८२वी, ही देण्याघेण्याची लिखापढी करण्याबद्दल आहे, हे आपल्याला मदरशाच्या वयापासून माहीत आहे. लिहिलेले सांभाळणे हीसुद्धा आपलीच जबाबदारी आहे.

एके काळी विकत घेणे भागच होते

अँटीव्हायरसचा धंदा हा लोकांना घाबरवून उभा राहिला, असे काही जण म्हणतात. ते पूर्ण खरे नाही. पर्सनल कॉम्प्युटरवर जगभर पसरलेला पहिला व्हायरस १९८६ साली लाहोरमध्ये तयार झाला. त्याचे नाव ब्रेन. बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी तो लिहिला. त्यांचे म्हणणे असे की त्यांनी डॉक्टरांसाठी एक सॉफ्टवेअर बनविले होते, लोक त्याच्या फुकट प्रती काढीत होते, आणि अशा लोकांना पकडण्यासाठी त्यांनी हा प्रकार केला. त्यात त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात परदेशात पोहोचला आणि तेथून त्यांना फोन येऊ लागले.

त्या काळात कॉम्प्युटरमध्ये स्वतःचा पहारेकरी नव्हता. त्यामुळे तो बाहेरून आणावा लागे. आपल्या महाराष्ट्रातच याचे मोठे उदाहरण आहे. पुण्याच्या कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, १९९३ साली कॉम्प्युटर दुरुस्तीचा व्यवसाय काढला, आणि त्यांचे बंधू संजय यांनी लिहिलेल्या अँटीव्हायरसमधून क्विक हील ही कंपनी उभी राहिली. २०१६ साली ती शेअर बाजारात आली. दुरुस्तीच्या टेबलावरून एवढा पल्ला गाठणे ही कारागिरांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. त्या वर्षांत ज्यांनी पैसे देऊन अँटीव्हायरस घेतला, त्यांनी शहाणपणाच केला.

मग बदलले काय?

बदलले ते हे की पहारेकरी आता घराबरोबरच मिळतो. मायक्रोसॉफ्टने २००९ साली स्वतःचा फुकट अँटीव्हायरस वेगळा दिला, आणि २०१२च्या विंडोज ८ पासून तो विंडोजच्या आतच बसविला. त्याला डिफेंडर म्हणतात. विंडोज १० आणि ११ मध्ये तो आपोआप चालू असतो. सुरुवातीच्या वर्षांत तो कच्चा होता, हे खरे आहे. जुने लोक त्याला नावे ठेवतात ती त्या काळच्या अनुभवावरून. पण जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्था निरनिराळ्या कंपन्यांचे अँटीव्हायरस एकाच कसोटीवर घासून पाहतात, आणि एव्ही-टेस्टच्या कसोटीवर डिफेंडर गेली काही वर्षे विकतच्या नामांकित मालाच्या बरोबरीने गुण घेत आला आहे.

तो चालू आहे की नाही हे कसे पाहावे? स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ असे शोधावे. ते उघडले की व्हायरसच्या रकान्यासमोर हिरवी खूण दिसली पाहिजे. नव्या लॅपटॉपमध्ये बऱ्याच वेळा एखाद्या कंपनीचा महिनाभराचा नमुना घालून दिलेला असतो. तो असेपर्यंत डिफेंडर बाजूला सरतो, कारण एका दारावर दोन पहारेकरी एकमेकांच्याच पायात येतात. मुदत संपलेला नमुना काढून टाकावा, म्हणजे डिफेंडर कामावर येतो.

येथे कोणी विचारील, मग विकतच्या मालात जास्त काय मिळते? मिळते. मुलांना नको त्या जागी जाऊ न देण्याची सोय, बँकेच्या व्यवहारासाठी वेगळी खिडकी, काही जण व्हीपीएन देतात, काही पासवर्डची तिजोरी देतात. यातील बरेचसे विंडोजमध्ये किंवा ब्राउझरमध्ये फुकट असते. रॅन्समवेअरपासून ठरावीक फोल्डर राखण्याची सोयसुद्धा डिफेंडरमध्ये आहे. ती मुळात बंद असते आणि चालू केल्यावर टॅलीसारख्या प्रोग्रामला परवानगी द्यावी लागते, म्हणून ती जाणकाराकडून लावून घ्यावी. विकतच्या मालाची खरी जमेची बाजू एकच आहे, ती म्हणजे अडचण आली तर फोनवर बोलायला माणूस मिळतो. ज्याच्या घरात कॉम्प्युटर समजणारे कोणीच नाही, त्याला ही गोष्ट पैसे देण्याजोगी वाटली तर त्याला आम्ही चूक म्हणणार नाही.

फुकटाच्या दुसऱ्या अँटीव्हायरसबद्दल मात्र सावध राहावे. अवास्ट हा जगभर फुकट वाटला जाणारा अँटीव्हायरस. ग्राहक इंटरनेटवर कोठे कोठे जातात ही माहिती त्याच्या एका उपकंपनीमार्फत विकली जात होती, म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ साली त्या कंपनीकडून १ कोटी ६५ लाख डॉलर भरून घेतले. ज्याला किल्ली द्यायची, त्याची चौकशी आधी केलेली बरी.

पहारेकऱ्याला आपणच झोपवतो

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या वस्तीत कॉम्प्युटर बिघडतात ते अँटीव्हायरस नसल्यामुळे कमी आणि नकली सॉफ्टवेअरमुळे जास्त, असे आमचे निरीक्षण आहे.

मोठ्या ऑफिसांतून निघालेले जुने कॉम्प्युटर आपल्या बाजारात स्वस्तात येतात. माल चांगला असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यात विंडोज घालून देताना पुष्कळ जण ती चोरीची घालतात. ती चालू करण्यासाठी एक प्रोग्राम वापरतात, त्याला बोलीभाषेत क्रॅक म्हणतात. डिफेंडर हा क्रॅक ओळखतो आणि अडवतो. मग घालून देणारा काय करतो? तो डिफेंडर बंद करतो, किंवा त्या फोल्डरकडे पाहू नकोस असे त्याला सांगून ठेवतो. काही ठिकाणी तर पूर्ण सी ड्राइव्हच अशा वगळलेल्या यादीत टाकलेला असतो. वरून हिरवी खूण दिसते आणि आत पहाराच नसतो.

हीच गोष्ट एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची, हीच फोटो सजविण्याच्या सॉफ्टवेअरची, आणि हीच मुलांच्या गेमची. प्रत्येक क्रॅकबरोबर एक सूचना येते, ‘आधी अँटीव्हायरस बंद करा, मग इन्स्टॉल करा.’ ही सूचना आपण निमूटपणे पाळतो. चोर दारात येऊन म्हणतो, जरा गुरख्याला झोपायला पाठवा, आणि आपण पाठवतो. अशा घरात दोन हजारांचा अँटीव्हायरस आणला काय आणि पाच हजारांचा आणला काय, फरक पडत नाही. जो आपल्या हाताने कडी काढतो, त्याच्या कुलपाची किंमत विचारू नये.

जे डिझाइनचे काम करतात त्यांच्याबाबतीत पेन ड्राइव्हचाही विचार करावा लागेल. डिझाइन मास्टरकडून कारखान्यात, कारखान्यातून मशीनवर, मशीनवरून परत घरी, असा एकच पेन ड्राइव्ह दिवसातून दहा ठिकाणी लागतो. ज्याने फोल्डरचे शॉर्टकट होतात, तो व्हायरस असाच फिरतो. यावर उपाय हा की पेन ड्राइव्ह लावला की उघडण्याआधी त्यावर उजवी कळ दाबून स्कॅन करावा, आणि हिशेबाचा पेन ड्राइव्ह डिझाइनच्या कामासाठी कधीच वापरू नये.

नकली सॉफ्टवेअर वापरणे जायज आहे की नाही, यावर फतवा देणे आमचे काम नाही. ते उलेमांनी सांगावे. कायद्याने तो गुन्हा आहे, एवढे सर्वांना माहीत आहे. आम्ही फक्त एक व्यापारी म्हणून बोलतो. आपण महिनाभर बसून साडीचे नवे काठ काढतो, बाजारात माल जातो, आणि आठवड्यात तोच काठ दुसऱ्या गावचा कोणी हलक्या सुतात काढून अर्ध्या भावात विकतो. त्या वेळी आपल्याला किती वाईट वाटते! आपण त्याला चोर म्हणतो. मग ज्याने वर्षानुवर्षे बसून सॉफ्टवेअर बनविले, त्याच्या मालाची आपण तशीच नक्कल वापरावी आणि वर बरकतीची दुआ मागावी, हे जुळत नाही. लाहोरच्या त्या दोन भावांनी जे केले ते चुकीचेच होते, पण त्यांची मूळ तक्रार आपल्या डिझाइन मास्टरच्या तक्रारीपेक्षा वेगळी नव्हती.

आणि नकली टाळण्यासाठी फार पैसे लागतात असेही नाही. पत्रे आणि तक्ते यासाठी लिब्रे ऑफिस कायद्याने फुकट आहे. फोटोच्या कामाला गिंप आहे. एम्ब्रॉयडरीसाठी इंकस्केपला जोडून चालणारे इंक-स्टिच आहे. मोठ्या कारखान्याला ते अपुरे पडेल, पण शिकणाऱ्या मुलाला आणि छोट्या कामाला ते उपयोगी आहे. ज्या कॉम्प्युटरवर टॅली नाही, फक्त अभ्यास आणि इंटरनेट आहे, त्यावर उबुंटूसारखी लिनक्स घातली तर विंडोजचा खर्चही नाही आणि घरगुती वापरात विंडोजचे व्हायरस त्यावर सहसा चालतही नाहीत.

२०१७ साली काय घडले?

हे नुसते तर्काने सांगत नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचे रॅन्समवेअर सुमारे दीडशे देशांत पसरले. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांचे काम ठप्प झाले. मागणी होती ३०० डॉलरची, आणि ती रुग्णालयाला जेवढी, तेवढीच घरगुती कॉम्प्युटरवाल्याला. विशेष म्हणजे ज्या फटीतून ते शिरले, ती बुजविण्याचे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, फुकट दिले होते. ज्यांनी ते घेतले होते त्यांच्या मशीनमध्ये ते या फटीतून शिरू शकले नाही. नकली विंडोजवाला बहुधा अपडेट बंद करून बसलेला असतो, कारण अपडेट आले की क्रॅक उघडा पडेल ही भीती असते. म्हणजे ज्या गोष्टीने वाचायचे, तीच तो टाळतो.

त्यानंतर २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या आले. ते युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरले आणि मेर्स्क या जगप्रसिद्ध जहाज कंपनीपर्यंत पोहोचले. आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या कंपनीच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामही त्यामुळे अडकले. कंपनीने स्वतःचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितले. एवढ्या मोठ्या कंपनीकडे पहाऱ्याची काय कमतरता असणार? तरी ती बुडाली, आणि तिला वर काढले ते एका योगायोगाने. कंपनीच्या जाळ्याची चावी ज्या यंत्रांत असते ती सर्व ठिकाणी नष्ट झाली होती, पण आफ्रिकेतील घाना देशातल्या ऑफिसात त्या वेळी वीज गेलेली होती. तेथील यंत्र बंद होते म्हणून वाचले, आणि त्याच्या आधारे पुढचे सगळे उभे करता आले. भारनियमनाला आपण आयुष्यभर शिव्या दिल्या, पण येथे त्याने जगातल्या बड्या कंपनीला वाचविले!

या गोष्टीतील धडा घराघरात घेण्यासारखा आहे. जी प्रत तारेला जोडलेली नाही, तीच वाचते.

पैसे कोठे घालावेत?

म्हणून आमचा सल्ला असा की अँटीव्हायरसला जे पैसे लागले असते त्यातून दोन चांगले पेन ड्राइव्ह किंवा एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी. टॅलीचा डेटा फार जागा घेत नाही. दर जुम्याला दुकान बंद असते तेव्हा किंवा आदल्या रात्री टॅलीचा बॅकअप घ्यावा. एका आठवड्यात पहिल्या पेन ड्राइव्हवर, दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्यावर. बॅकअप झाला की पेन ड्राइव्ह काढून कपाटात ठेवावा. तो मशीनलाच लावून ठेवला तर व्हायरस त्यालाही कुलूप लावतो, आणि मग बॅकअप घेतला काय आणि न घेतला काय सारखेच. दोनपैकी एक शक्यतो दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा दुकानात असावा, कारण आपल्या यंत्रमागाच्या गल्ल्यांत आगीची भीती व्हायरसपेक्षा कमी नाही. महिन्यातून एकदा तो बॅकअप खरोखर उघडतो का, हेही पाहावे.

दुसरा खर्च असली विंडोजवर. येथे एक ताजी गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. घरगुती ग्राहकांपैकी ज्यांनी नोंदणी केली त्यांना सुरक्षेच्या अपडेटसाठी आणखी एक वर्ष मिळाले. आपल्याकडील बरेच जुने कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा मुदत संपलेल्या मशीनवर विकतचा अँटीव्हायरस घालून निश्चिंत होणे म्हणजे भिंतीला भगदाड ठेवून दाराला कुलूप लावणे आहे. त्यापेक्षा त्यावर लिनक्स घालावी, किंवा इंटरनेट तोडून फक्त हिशेबापुरती ठेवावी.

तिसरी गोष्ट बिनपैशाची आहे. मुलांसाठी विंडोजमध्ये वेगळे खाते उघडावे आणि त्याला प्रोग्राम घालण्याचा अधिकार देऊ नये. मुलाच्या गेमचे आणि बापाच्या उधारीचे खाते एक असू नये.

मग विकतचा अँटीव्हायरस कोणी घ्यावा? ज्यांच्याकडे चार-पाच कॉम्प्युटर एका जाळ्यात आहेत, ज्यांचा हिशेबनीस बाहेरून मशीनमध्ये शिरून काम करतो, ज्यांच्या परदेशी ग्राहकाची तशी अट आहे, त्यांनी धंद्यासाठी असलेला चांगला माल अवश्य घ्यावा आणि तो खर्चात धरावा. एका घराच्या एका कॉम्प्युटरचा हिशेब वेगळा आहे.

जेथे कोणताच अँटीव्हायरस चालत नाही

शेवटी एक धोका असा आहे की त्यावर फुकटचा किंवा विकतचा कोणताच पहारेकरी भरवशाचा नाही, आणि तो म्हणजे आपली घाई. ‘आपल्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ अशी पाटी पडद्यावर येते, बऱ्याच वेळा नामांकित अँटीव्हायरसच्याच नावाने. फोन केला की समोरचा गोड बोलून एनीडेस्कसारखे सॉफ्टवेअर घालायला लावतो आणि मशीन त्याच्या ताब्यात जाते. ते सॉफ्टवेअर स्वतः वाईट नाही, त्यामुळे अँटीव्हायरस ते अडवेलच असे नाही. तसेच ओळख नसलेल्या पार्टीकडून ‘ऑर्डर’ किंवा ‘कोटेशन’ नावाची फाइल येते. मोठ्या ऑर्डरच्या आशेने ती उघडू नये. आधी फोन करून पार्टी खरी आहे का पाहावे, जसे उधार माल देण्यापूर्वी पाहतो. मोबाइलवर लग्नाची दावत किंवा वाहनाचे चलन म्हणून येणारी एपीके फाइल तर कोणाकडूनही आली तरी उघडू नये.

तरीही घाव बसलाच तर प्रथम इंटरनेटची तार काढावी किंवा वायफाय बंद करावा. बॅकअपचा पेन ड्राइव्ह त्या मशीनला लावू नये. पैसे देऊ नयेत, कारण किल्ली मिळेल याची हमी नाही. युरोपच्या पोलिसांनी इतरांच्या साथीने २०१६ साली ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला आहे, तेथे काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या फुकट मिळतात. आपल्या सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रातही मशीन साफ करण्याची साधने फुकट आहेत. बँकेतून पैसे गेले असतील तर एक क्षणही न घालविता १९३० या नंबरवर फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही आपल्याला दिलेली शिकवण आहे. आपल्यातील काही जण बांधतच नाहीत, तर काही जण बाजारातून महागडी दोरी आणून ती कोपऱ्यात ठेवून देतात. येत्या जुम्याला प्रत्येकाने घरच्या कॉम्प्युटरपुढे अर्धा तास बसावे. विंडोज असली आहे का, मुदतीत आहे का, डिफेंडर जागा आहे का, वगळलेल्या यादीत काय टाकून ठेवले आहे, आणि हिशेबाची दुसरी प्रत कपाटात आहे का, हे पाहावे. या पाचही गोष्टी ठीक असतील तर अँटीव्हायरसचे पैसे खुशाल वाचवावेत. त्यांतील एकही नसेल, तर अँटीव्हायरस घेण्याआधी ती पुरी करावी.